उजवा पीळ, डावा पीळ

एकदा एका नदीच्या दोन काठांवर दोन गावे होती. दोन्ही गावे स्वतःला अलीकडचे म्हणत आणि समोरच्याला पलीकडचे, त्यामुळे नवख्या प्रवाशाचा हमखास गोंधळ उडे. आपला उडू नये म्हणून आपण त्यांना साळ्यांचे गाव आणि रंगाऱ्यांचे गाव म्हणू. पूर्वेच्या काठावरचे साळी पांढरे कापड विणत, पश्चिमेच्या काठावरचे रंगारी ते रंगवत. एकाचे दुसऱ्यावाचून चालणे शक्य नव्हते आणि तरीही अकरा वर्षांपासून दोन्ही गावांत पाणी पिण्याइतकाही व्यवहार उरला नव्हता. एका वर्षी बाजारात गेलेले कापड पहिल्याच धुण्यात विटले. साळी म्हणाले, रंग खोटा. रंगारी म्हणाले, सूत खोटे. त्यानंतर बोलणे बंद झाले ते झालेच. कापडाचे गठ्ठे मात्र मुकाट्याने इकडून तिकडे जात राहिले, कारण पोट बंद करता येत नाही.

गठ्ठे जात ते तराफ्यावरून. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला असे आणि धाकू नावाडी तो दोर हातांनी ओढत तराफा पलीकडे नेई. पूर्वी दर दसऱ्याला दोन्ही गावांची माणसे नदीच्या वाळवंटात जमून अंबाडीच्या वाखाचा, म्हणजे सालीच्या धाग्यांचा, अखंड दोर वळत. भांडण झाल्यावर तेही थांबले. साळी आपल्या काठापासून मध्यापर्यंतचा दोर आपल्या गावात वळू लागले, रंगारी आपला अर्धा आपल्या गावात, आणि नदीच्या मध्यावर दोघांची गाठ मारायचे काम धाकूवर आले.

आता घडले ते सांगतो. नवरात्राच्या तिसऱ्या माळेला, भर दुपारी, नदीला लाल पाणी आलेले असताना तो दोर मध्यावर तुटला. तराफ्यावर तिघे होते. धाकू दोराचे टोक धरून लोंबकळत राहिला आणि दोन्ही तळहातांची कातडी सोलवटून काठाला लागला. दुसरी होती केरबा साळ्याची मुलगी मंजुळा. तिला पोहता येत नव्हते. तिसरा बाळोजी रंगाऱ्याचा मुलगा हैबत. त्याला उत्तम पोहता येत होते, पण त्याने तिचा हात सोडला नाही. संध्याकाळी खालच्या डोहात दोघे सापडली, तेव्हाही तो हात सुटलेला नव्हता. त्या दोघांचे काय नाते होते, हे दोन्ही गावांना तिथे, त्या डोहाच्या काठी कळले.

दुःख मोठे होते, पण दुःखाला फार वेळ रिकाम्या हाताने बसवत नाही. दुसऱ्याच दिवशी दोन्ही गावांनी दोषी शोधला. अकरा वर्षांत त्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले, आणि ते धाकू नावाड्यावर झाले. गाठ त्याची, तराफा त्याचा, पाणी चढलेले दिसत असताना निघाला तोही तोच. त्याने बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन दसऱ्याच्या आत नदीकाठ सोडावा, असे ठरले. नावाड्याला नदीकाठ सोडायला सांगणे म्हणजे काय, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हते.

रंगाऱ्यांच्या गावाबाहेर टेकडीवर एक वृद्ध आचार्य राहत. दोन्ही काठांचे लोक ज्यांच्या पाया पडत, असे ते एकटेच. त्यांच्याकडे दोन्ही गावांचे चार-चार पंच आले, तेही वेगवेगळ्या पायवाटांनी.

"महाराज, निवाडा आमचा झालाय," केरबा म्हणाला. दोन दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. "आपण फकस्त हो म्हणा."

आचार्य म्हणाले, "सातव्या माळेला घाटावर जमा. तुटलेल्या दोराची दोन्ही टोकं घेऊन या. तोवर धाकूला कुणी हात लावू नये."

मंडळी गेल्यावर त्यांनी आपल्या शिष्याला हाक मारली. हा शिष्य बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने अतिशय चौकस. मुंगी भिंतीवर चढताना दिसली तरी ती कुठून आली, कुठे चालली आणि वाटेत कुणाला भेटली, हे शोधल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"दोन्ही गावांत जा," आचार्य म्हणाले. "भेटेल त्याला एकच विचार, दोष कुणाचा? ऐकून ये. वाद घालू नकोस."

शिष्याचे डोळे चमकले. दोन जीव गेले होते, घराघरांत चूल थंड होती, आणि तरीही त्याच्या मनात पहिली भावना उत्सुकतेची होती. त्याला फार नावे ठेवू नका. पोलीस-तपासाची बातमी आपणही चहा गार होईपर्यंत वाचतोच.

तो आधी जवळच्या रंगाऱ्यांच्या गावात गेला. बाळोजी ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. "दोष?" तो म्हणाला, "त्यांचा दोर जुनाट. वाखात काटकसर करत्यात ती. आन् त्या पोरीनं माझ्या पोराला नादी लावला. पोहणारा पोरगा माझा, नदीला कधी भ्याला न्हाई." एवढे बोलून त्याने तोंड फिरवले, आणि त्याची पाठ हलू लागली.

नदीला उतार पडला होता. शिष्य डोणीतून साळ्यांच्या गावी गेला. तिथे केरबाने नेमके उलटे सांगितले. पोरगा नादी लावणारा, दोर रंगाऱ्यांचा कुजका, आणि गाठ नावाड्याची ढिली. शेजारच्या मागावरचा एक जण म्हणाला, दोष पाण्याचा. दुसरा म्हणाला, नशिबाचा. तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितले की दोष खरे तर त्या दोघांचाच, एवढी घाई कशाला करायची! प्रत्येकाचे बोट कुठे ना कुठे जात होते, आणि शिष्याला मोठी गंमत वाटत होती की इतक्या बोटांपैकी एकही वाकून आपल्या मालकाकडे वळत नव्हते.

वळले ते फक्त एक. मंजुळेची आई मागच्या अंगणात बसली होती. तिने प्रश्न ऐकला आणि म्हणाली, "मला ठावं होतं, बाबा. तिच्या पदराला निळीचं बोट लागलेलं दिसायचं. आमच्या घरात नीळ कुठनं येणार? मी पदर धुवून टाकायची, आन् गप बसायची. तिच्या बापाला सांगितलं असतं तर घर फाटलं असतं, म्हणून गप बसायची." तिने त्याला पाणी दिले. तो रंगाऱ्यांच्या बाजूने आलेला, हे माहीत असूनही दिले.

शेवटी तो धाकूच्या झोपडीत गेला. धाकूच्या तळहातांना एरंडाची पाने बांधलेली होती.

"दोर माझा न्हाई, पर गाठ माझी," धाकू म्हणाला. "तवा दोष माझाच की."

"गाठ सुटली होती का?"

धाकूने मान हलवली. "गाठ हाय तशीच हाय. दोर तुटला, गाठीच्या बाजूला. तुम्हाला सांगतो, ती गाठ फिरती. ओझं आलं की आपल्याआप गरागरा फिरती, आन् दोर उलगडत जातो. म्हणून दर महिन्याला म्या ती सोडायचो, दोराला पीळ भरायचो, पुन्हा बांधायचो. अर्धा दिवस लागतो. ह्या महिन्यात दोन्हीकडं जाऊन हात जोडले, अर्धा दिवस तराफा बंद ठिवा. सणाची घाई होती. साळी म्हणले रंगाऱ्यांस्नी विचार, रंगारी म्हणले साळ्यांस्नी विचार."

"मग पाणी चढलेलं असताना निघालास कशाला?"

धाकू थोडा घुटमळला. "न्हाईच म्हणलो होतो. पर ती पोर म्हणाली, काका, आजच जायचंय, आचार्यांनी बोलावलंय. महाराजांचं नाव घेतल्यावर म्या काय बोलणार?"

शिष्य टेकडीवर परतला तो भारावून. एवढ्या गुंत्याचे एकेक सूत त्याच्या हाती आले होते. त्याने सर्व काही आचार्यांना सांगितले. फिरणाऱ्या गाठीचे तर दोनदा सांगितले. आचार्यांच्या नावाचा भाग आला तेव्हा तो किंचित अडखळला, पण तेही सांगितले.

"सगळ्यांना विचारलंस?" आचार्यांनी विचारले.

"सगळ्यांना, गुरुदेव."

"कुणी राहिलं नाही?"

शिष्याने मनात दोन्ही गावे पुन्हा फिरून पाहिली. "नाही."

आचार्यांची नजर क्षणभर त्याच्या हातांवर थांबली. मग ते म्हणाले, "जा, हातपाय धू. जेवायला बसू."

सातव्या माळेला सकाळी घाटावर दोन्ही गावे जमली. उजव्या हाताला साळी, डाव्या हाताला रंगारी, आणि मध्ये एवढी मोकळी जागा की तिथून बैलगाडी गेली असती. त्या मोकळ्या जागेत धाकू एकटा उभा होता. त्याची गाठोडी बांधून झाली होती. म्हातारी आई गाठोड्यावर बसून नदीकडे पाहत होती.

आचार्यांनी दोराची दोन टोके हातात घेतली आणि धाकूपुढे धरली. "गाठ मार."

लोकांत कुजबुज झाली. ज्या गाठीने दोन जीव घेतले, तीच पुन्हा मारायला सांगताहेत? धाकूने पाने सोडली आणि कच्च्या तळहातांनी गाठ मारली. आचार्यांनी त्या गाठीत एक हातभर काठी आडवी खोवली. मग म्हणाले, "केरबा, तुझी आठ माणसं घे आणि ते टोक धर. बाळोजी, तू हे. ओढा."

हे काय चालले आहे, कुणालाच कळेना. पण सांगणारे आचार्य होते. दोन्हीकडून दोर ताणला गेला, आणि सर्वांच्या देखत ती काठी फिरू लागली. तिला कुणी हात लावला नव्हता. आधी सावकाश, मग भरभर. एका बाजूचे पेड सुटे होत गेले, दुसऱ्या बाजूचेही झाले. घट्ट वळलेला दोर पाहता पाहता तीन मोकळ्या जुड्यांसारखा दिसू लागला. तेवढ्यात आचार्यांनी हात वर केला.

"गाठ सुटली?"

"न्हाई," पुढे उभा असलेला एक म्हातारा साळी म्हणाला.

"दोर कुजका आहे? दोन्हीकडच्यांनी येऊन वाख पाहा."

लोकांनी पाहिला. दोन्ही दोर चांगले होते, अगदी मन लावून वळलेले. मग आचार्यांनी विचारले, "केरबा, तुम्ही पीळ कसा भरता?"

"उजवा. वाडवडलांपास्नं उजवाच."

"बाळोजी, तुम्ही?"

बाळोजी जमिनीकडे पाहत म्हणाला, "आधी उजवाच होता. भांडण झाल्यावर डावा केला. त्यांच्यावानी नको म्हणून."

"आणि केरबा, त्यांनी पीळ बदलला हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिसतच होतं की," केरबा म्हणाला. "आम्ही कशापायी बदलावा?"

आचार्य म्हणाले, "दोन्ही दोर एका पिळाचे असते तर ताण आल्यावर एकमेकांना आवळून धरते. उलट्या पिळाचे असले की ताण आल्यावर एकमेकांना उलगडतात. जितका ताण अधिक, तितके अधिक. धाकू अकरा वर्षं दर महिन्याला तुमचं भांडण स्वतःच्या हातांनी सोडवून पुन्हा बांधत होता. एका महिन्यात त्याला अर्धा दिवस मिळाला नाही."

मग मागून कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "म्हणजी दोष सगळ्यांचाच म्हना की!"

आणि एक चमत्कार झाला. सगळ्यांच्या माना डोलल्या. खरे आहे, खरे आहे, सगळ्यांचाच. कुणी सुस्कारा सोडला, कुणी धोतर झटकले, कुणी वहाणा शोधू लागले. मी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या आहेत, त्यांतल्या कित्येक याच वाक्यावर विसर्जित झालेल्या आहेत. इतके सुखद वाक्य दुसरे नाही. मला तर त्याचा अतिशय राग येतो.

आचार्यांनाही आला असावा. "बसा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका कठोर कुणी कधी ऐकला नव्हता. लोक बसले.

"सगळ्यांचा म्हणालात की प्रत्येकाच्या वाट्याला इतका थोडा येतो की घरी पोहोचेपर्यंत ओंजळीतलं पाणी सांडावं तसा वाटेतच सांडून जातो. एकट्या धाकूवर सगळं टाकणं हा एक पळ होता, सगळ्यांवर वाटून टाकणं हा दुसरा. आणि त्या दोघांनी घाई केली, असं जो म्हणाला असेल त्याला सांगतो, त्यांच्याबद्दल बोलू नकोस, ती आता उत्तर देऊ शकत नाहीत. दोष कुणाचा, हा प्रश्न तुम्ही दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारला. आता प्रत्येकाने आपल्या घरात उभं राहून विचारायचा. माझ्याकडे काय होतं, आणि मी त्याचं काय केलं? मी सांगतो माझं."

आचार्य पुढे म्हणाले, "मंजुळा आणि हैबत दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली होती. मी त्याच दिवशी केरबाला आणि बाळोजीला समोरासमोर बसवायला हवं होतं. बसवलं नाही. कारण दोन्ही काठांवर माझ्या पाया पडतात, आणि ते मला आवडतं. एक काठ रागावला असता. म्हणून मी गुपचूप बेत आखला. तिसऱ्या माळेला दुपारी या, दोन्ही बापांना वेगळं निमित्त सांगून बोलावतो. धाकू नाही म्हणत असताना ती पोर तराफ्यावर चढली ती माझ्या नावाने चढली. हा माझा दोष. तो तुमच्यापैकी कुणाशी मी वाटून घेणार नाही."

पुढचे वाक्य काय असायला हवे, हे त्या घाटावर त्यांना आणि शिष्याला, दोघांनाच माहीत होते, आणि आचार्य ते बोलत नव्हते. ते शांतपणे खाली बसले होते.

बोलायची काही गरज नव्हती. कुणी विचारले नव्हते, कुणाला कळलेही नसते. शिष्य उठला.

"त्या दिवशी सकाळी नदीचा रंग बदललेला पाहून गुरुदेवांनी मला हैबतकडे पाठवलं होतं," तो म्हणाला. "आज येऊ नका, पाणी चढतंय, एवढाच निरोप होता. वाटेत रंगाऱ्यांच्या आळीत निळीचा रांजण उघडला होता. कापड रांजणातून निघतं तेव्हा हिरवं असतं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होतं. मी ते कधी पाहिलं नव्हतं. एक पाहिलं, मग आणखी एक पाहिलं. हात लावून पाहिला. मी घाटावर पोहोचलो तेव्हा हैबत मंजुळेला आणायला पलीकडे जाऊन परत निघाला होता, आणि तराफा मध्यावर होता." त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोके अजून निळसर होती. "मी सगळ्या गावाला विचारत फिरलो, आणि मला स्वतःची आठवणसुद्धा झाली नाही. नाही, खोटं बोललो. आठवण होती. म्हणूनच इतक्या उत्साहाने फिरलो."

मंजुळेची आई उठली आणि तिने पदराचे सांगितले, या वेळी नवऱ्याच्या तोंडासमोर. केरबा तिच्याकडे पाहतच राहिला. मग तो त्या मोकळ्या जागेत आला, धाकूसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तू अर्धा दिवस मागत आला व्हतास. मी मागावरनं उठलोसुदीक न्हाई." एवढ्याने त्याला रडू फुटले, आणि त्याला धरायला जो माणूस पुढे आला तो बाळोजी होता. त्या दोघांत काय बोलणे झाले ते कुणाला ऐकू गेले नाही. धाकूने जावे की राहावे, हा विषय त्यानंतर निघालाच नाही. त्याच्या आईने आपण होऊन गाठोडी सोडायला घेतली.

दसऱ्याला वाळवंटात अकरा वर्षांनी दोर वळला गेला. सुरुवातीलाच पंचाईत झाली, पीळ उजवा भरायचा की डावा? दोन्हीकडचे हात थबकले. जुनी आग राखेखाली होतीच. तेव्हा बाळोजी हलक्या आवाजात म्हणाला, "कंचाबी भरा. पर एकच भरा." पीळ उजवा भरला गेला, आणि पहिला पेड धाकूच्या बऱ्या होऊ लागलेल्या हातांत दिला गेला.

टेकडीवर परतताना शिष्य बराच वेळ गप्प होता. एवढा वेळ गप्प राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी. शेवटी त्याला राहवले नाही.

"गुरुदेव, माझी बोटं आपण कधी पाहिलीत?"

"ती दोघं डोहात सापडली त्याच संध्याकाळी."

"मग विचारलं का नाही?"

"मी विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस," आचार्य म्हणाले. "उत्तर देणं निराळं, न विचारता सांगणं निराळं. तू दारोदार विचारत निघाला होतास, मला वाटलं, चालता चालता आपल्याही दाराशी पोहोचशील. पण त्यात मी नावाड्याचे चार दिवस पणाला लावले. तेवढंही माझ्याच नावावर राहू दे."

शिष्याने हात पाहिले. नीळ जवळजवळ गेली होती, नखांच्या कडेला तेवढी उरली होती. वाटेत ओढा लागला तेव्हा तो वाकून पाणी प्यायला, आणि हात न चोळता पुढे चालू लागला.

वाचकहो, वर्तमानपत्रात कुणाच्या अपघाताची बातमी वाचून आपण "दोष कुणाचा?" असे म्हणतो ना, तेव्हा एकदा आपल्या बोटांकडे पाहून घ्यावे, एवढेच.